गौसनं सांगितलेली जागा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे ट्रक भरून कोकणात उतरणारे डायव्हर पुष्कळ होते. गाडी सगळेच हाणायचे. पण रात्रीची गाडी कुठं उभी करायची हे गौस मुजावरला जेवढं कळायचं, तेवढं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. जागा बघायला तो चपला काढून उतरायचा. टाच आपटून जमिनीचा आवाज ऐकायचा, झाडाच्या बुंध्यावर पाण्याची खूण कुठवर चढलीय ते बोटांनी चाचपायचा, आणि मग चौकशी करायचा ती विहिरीवरच्या बाईकडं.

"बाप्ये 'लावा की पावणं' म्हणून मोकळे हुत्यात," तो म्हणायचा. "पानी कुठवर चढतंय ते बाईलाच ठावं. भांडी तिची व्हावून जात्यात."

वीस वर्षांत त्याची गाडी एकदाही रुतली नव्हती. म्हणून पंचाहत्तर साली गुळाचे व्यापारी आप्पासो मगदूम यांनी घरगाडी तयार केली, तेव्हा तिच्यावर गौसलाच घेतलं.

घरगाडी म्हणजे लिलावात घेतलेली जुनी बस. उद्यमनगरात तिची बाकडी काढून आत झोपायच्या फळ्या बसवल्या, स्टोव्हसाठी ओटा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली, मागं पडदा लावून न्हाणी केली. आप्पासोंच्या आईचा, आक्काताईंचा, सत्तरी उलटली तरी समुद्र बघायचा राहिला होता. पण लॉजवर उतरायचं तर तिथल्या भांड्याला मासळी लागलेली. सूर्य मावळायच्या आत जेवणारं, पाणी गाळून पिणारं ते जैन घर. आप्पासोंनी मग घरच चाकांवर घातलं. गुळाचा हंगाम संपला की मे महिन्यात रत्नागिरीला उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आणि आंबोलीचा घाट चढून परत यायचं, असा बारा दिवसांचा बेत ठरला. कुठल्या तारखेला कुठं मुक्काम, कुठलं पोस्ट, याची यादी आप्पासोंनी आकाराम मुनिमाकडं देऊन ठेवली, गुळाचा भाव तारेनं कळावा म्हणून.

गौसच्या मनात जायचं नव्हतं. त्याची एकुलती लेक ताजबी इचलकरंजीहून पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. नवरा यंत्रमागावर कामाला. तारीख जवळ आलेली.

"मालक, औंदा दुसरा कोन बघा की," गौसनं सांगून बघितलं.

"दुसरा गाडी हाणंल रं," आप्पासो त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले. "जागा कोन बघंल? बायका हायत संगट. बारा दिसांचा तर परश्न हाय. तू येस्तवर नातू हुतोय बघ तुला."

आप्पासो बोलायला असे गोड होते. गौसला ते 'गौसभाई' म्हणत, ईदेला घरी गुळाची ढेप पाठवत. त्यांनी उभ्या आयुष्यात नोकरावर हात उगारला नव्हता. गौस निघाला. निघताना ताजबी दारात उभी राहून म्हणाली, "अब्बा, माझ्यासाटनं काजू आना. खारं नगो, गोडं."

पहिल्याच दिवशी गौसच्या ध्यानात आलं की ह्या गाडीला जागा बघायची म्हणजे ट्रकला जागा बघण्यासारखं नाही. ट्रकला घट्ट जमीन लागते, बास. इथं घट्ट जमीन पाहिजे, गोडं पाणी पाहिजे, बायकांना आडोसा पाहिजे, हे सगळं चारच्या आत गावलं पाहिजे, कारण दिवस मावळायच्या आत आप्पासोंच्या मंडळी त्रिशलाबाईंना स्वयंपाक उरकायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मासळीचा वास नको. समुद्राच्या काठानं जायचं आणि मासळीचा वास नको! पहिल्या संध्याकाळी तीन जागा बदलल्या. तिसऱ्या जागेवर वारा फिरला, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आत आला, आणि आक्काताई पदर नाकाला लावून उपाशीच झोपल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पासोंनीच तोड काढली. देवळाचं आवार. स्वच्छ, झाडीचं, विहिरीचं, आणि मासळी म्हणाल तर तिथं शिजतच नाही. गौस आवाराच्या दाराशी गाडी थांबवून विचारायला उतरला. पुजाऱ्यानं कोल्हापूरची मंडळी म्हणून हसून या म्हटलं. मग सहज विचारलं, "आणि आपलं नाव?"

गौसनं नाव सांगितलं. पुजाऱ्याचं हसू काही लगेच गेलं नाही. तो म्हणाला की आवारात जागा आहे खरी, पण उद्या उत्सवाची मंडळी यायचीत, अडचण होईल. उत्सवाचं कुठं तोरणसुद्धा दिसत नव्हतं. त्या संध्याकाळी गाडी रस्त्याच्या कडेला, उकिरड्याशेजारी उभी राहिली.

जेवण झाल्यावर आप्पासो दात कोरत बाहेर आले. गौस चाकाशी बसला होता.

"गौसभाई, एक सांगू? उद्यापास्नं तू गणपत."

"म्हंजी?"

"म्हंजी कुनी नाव इचारलं तर गणपत सांगायचं. हितं कोन वळखतंय तुला? बारा दिस तर हायत."

आतून आक्काताई म्हणाल्या, "आप्पा, कुनाचं नाव बदलू नगं बाबा."

"आक्का, काल उपाशी कोन झोपलं?" आप्पासो म्हणाले.

गौसला ते लागलं, पण फार नाही. वीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस. कुणी 'डायवर' म्हणून हाक मारायचं, कुणी 'ए गुळवाल्या'. त्यात हे एक. दुसऱ्या दिवसापासून जागा पटापट मिळू लागल्या. गणपत डायव्हरला पुजारी ओट्यावर बसवून सरबत देऊ लागले. फक्त पहाटेची नमाज गेली. गाडीत बसल्या बसल्या, ओठ न हलवता तो मनातल्या मनात म्हणायचा. पाच दिवस असे सरळ गेले.

आठव्या दिवशी, शनिवारी, ते मालवणच्या अलीकडं एका गावात पोचले. त्या गावाचं नाव गौसनं पुढं कधी तोंडातून काढलं नाही. देऊळ माडांच्या मधोमध होतं. गावचा मानकरी स्वतः सामोरा आला. म्हातारा, कडक, गळ्यात सोन्याची कडी.

"गाडी लावा खुशाल," तो म्हणाला. "पण आमच्या देवाची रीत आसा. आवारात रवतल्या माणसासाठी गाऱ्हाणा घालूक होया."

आप्पासो हौसेनं तयार झाले. गौसही ओढला गेला. मानकऱ्यानं त्याच्या कपाळाला गंध लावलं, हातात नारळ दिला आणि सभामंडपात देवासमोर उभं केलं. गावची पंधरा-वीस माणसं जमली होती. मानकरी खणखणीत आवाजात देवाला सांगू लागला, की बा महाराजा, ही कोल्हापूरची लेकरं तुझ्या दारात आली आहेत, ह्या गणपत डायवराच्या हाताक यश दी, ह्येच्या मुलाबाळांक सुखी ठेव. माणसं एका सुरात म्हणाली, "होय महाराजा." गौसनं नारळ फोडला. आपण कुठं उभे आहोत आणि कळलं तर ही माणसं काय करतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मंडपातून खाली उतरतात तोवर पोस्टमन सायकलवरून आला.

"हंय गौस मुजावर कोण आसा? तार इली हा. अर्जंट. मगदुमांच्या गाडयेवर डायवर म्हणान लिवलाहा."

मानकऱ्यानं मान वळवून आधी आप्पासोंकडं बघितलं, मग गौसकडं.

"मुसलमान डायवर आसा तुमचो?"

आप्पासोंना बोलायला क्षणभरसुद्धा लागला नाही. "हुता की. रत्नागिरीत सोडून गेला न्हवं. आता ह्यो गणपत हाय. काय रं गणपत, तुज्या वळखीचा हाय काय त्यो गौस?"

पोस्टमनच्या हातात ती घडी केलेली तार होती. गौसपासून दोन हातांवर. हात लांब केला असता तरी पोचला असता. पंधरा-वीस माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती, कपाळावर त्यांच्याच देवाचं गंध ओलं होतं, बोटांना नारळाचं पाणी लागलेलं होतं.

"न्हाय जी," गौस म्हणाला. "मी न्हाय वळखत त्येला."

"मग तार तुमच्याकडे देऊ?" पोस्टमननं आप्पासोंना विचारलं.

"नगो. गेल्याला मानूस आमी कुठं हुडकू? परत धाडा."

पोस्टमननं तार पिशवीत टाकली आणि सायकलला टांग मारून तो माडांतून निघून गेला. घंटी बराच वेळ ऐकू येत होती.

गाडीशी येताच गौस म्हणाला, "मालक, पोस्टात जाऊन येतो. लेकीचं काय तरी असंल."

"आता?" आप्पासो दबक्या आवाजात म्हणाले. "त्यो मानकरी बघतोय ओट्यावर बसून. आत्ताच न्हाय म्हणालास, आन लगीच पोस्टात? हाडं मोडतील तुझी, आन गाडी बी जाळतील. लेकीचं म्हंजी नातूच झाला असंल. बातमी काय पळून जातीया?"

गौसला हे पटवून घ्यायचं होतं म्हणून पटलं. अर्जंट तार वाईटाचीच असते असं थोडंच आहे, पहिलं नातवंड झालं म्हणूनही जावई धाडेल, असं तो स्वतःला सांगत बसला. पहाटे गाडी तरीवर घालून खाडी ओलांडायला भरतीची वेळ गाठायची होती. रविवार, पोस्ट बंद. पुढचा मुक्काम उघड्या माळावर, तिथं पोस्टच नाही.

सोमवारी वेंगुर्ल्यात आप्पासो दुकानाची तार घ्यायला पोस्टात गेले. गौस दारात उभा राहिला. आप्पासो तार वाचत बाहेर आले, तिथंच उन्हात थांबून त्यांनी ती परत एकदा वाचली आणि घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"माझं काय हाय काय मालक त्यात?"

"गुळाचा भाव हाय," आप्पासो म्हणाले. "तुझं काय न्हाय. बरं असंल म्हणूनच न्हाय."

गौसचा जीव भांड्यात पडला. त्या दुपारी त्रिशलाबाईंनी त्याला आपणहून शिरा केला, तूप सोडून. वाढताना त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. मंगळवारी आक्काताईंनी दिवसभर पाण्यात पाय सोडून समुद्र बघितला. बुधवारी सावंतवाडीत गौसनं गोडे काजू घेतले आणि रंगीत लाकडाचा एक खुळखुळा घेतला. आंबोलीच्या घाटात वळणावळणाला तो काहीबाही गुणगुणत होता. मागं बायका दोघी गप्प होत्या. आप्पासो एकदा म्हणाले, "बेस हाणतोयस गाडी," आणि खिडकीबाहेर बघू लागले.

घरी पोचला तर दारात चपलांचा ढीग. लालबी, त्याची बायको, भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर तांबडं लाल पोर.

ताजबी दोन दिवस अडली होती. शनिवारी सकाळी दवाखान्यात पोट कापून पोरगी बाहेर काढली. मग रक्त थांबेना. रक्त पाहिजे म्हणाले. लालबीचं जुळलं नाही, जावयाचं जुळलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, बाप कुठं आहे? जावई आप्पासोंच्या दुकानात पळत गेला, मुनिमाकडून यादी घेऊन तार केली. मालवणहून रात्रीच्या कुठल्याही ट्रकनं माणूस सकाळपर्यंत कोल्हापुरात पोचतो. गौस तर पोचलाच असता, सगळे डायव्हर त्याच्या ओळखीचे. त्याचं रक्त जुळलं असतं की नसतं, कुणाला ठाऊक. ताजबी रविवारी दुपारपर्यंत होती. दार वाजलं की 'अब्बा आले काय' म्हणायची.

लालबीनं उशाखालून परत आलेली तार काढली. वर पोस्टाचा शेरा होता, की या नावाचा इसम इथं नाही.

"मिळाली न्हाय तुमास्नी?" तिनं विचारलं.

खोटं बोलायची संधी होती. गौसनं ती घेतली नाही. त्यानं सगळं सांगितलं.

"पोस्टमन तुमच्याम्होरं हुबा हुता?"

"व्हय."

"आनि तुमीच न्हाय म्हणला?"

"व्हय."

लालबीनं पोराला छातीशी धरलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. शोक करायला आलेल्या बायकांना ती सांगत राहिली, "त्यास्नी तार मिळालीच न्हाय, काय करतील?" जगासमोर तिनं नवऱ्याला असं झाकलं. घरात मात्र ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. पोर लालबीकडंच राहिली.

चाळिसाव्याचा फातिहा झाल्यावर गौस किल्ल्या परत द्यायला दुकानात गेला. तिथं आकाराम मुनीम हळहळत म्हणाला, "मी सोमवारीच कळवल्तं की रं वेंगुर्ल्याला. भावाच्या तारंतच घातलं हुतं, गौसची लेक गेली म्हणून."

गौस गादीवर बसलेल्या आप्पासोंसमोर उभा राहिला. "मालक, तुमास्नी ठावं हुतं?"

आप्पासोंनी चष्मा काढून पुसला. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. "सांगून काय झालं असतं रं? माती तर रविवारीच झाल्ती. म्होरं घाट. आक्का गाडीत. तुझा हात हलला असता म्हंजी?"

"आनि शनवारची तार?"

"ते मला नगो सांगू," आप्पासो शांतपणे म्हणाले. "मी रीत राखली, तुझी हाडं वाचिवली. 'न्हाय वळखत' तर तू सोताच्या तोंडानं म्हणालास. मी का तुझं तोंड धरल्तं?"

गौसनं किल्ल्या गादीवर ठेवल्या आणि तो रॉकेलच्या टँकरवर लागला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एक माणूस त्याचं घर विचारत आला. अल्लाउद्दीन त्याचं नाव. चाळिशीचा, इचलकरंजीत सुताच्या गाड्या हाणलेला, तीन लेकरांचा बाप. आप्पासोंनी घरगाडीवर त्याला घेतलं होतं. कोकण त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"मालकांनी धाडलंय गौसभाई," तो अदबीनं चटईच्या कडेला बसत म्हणाला. "म्हणाले, जागा गौसलाच इचार, त्यो न्हाय म्हणायचा न्हाय. मला बी नाव ठिवलंय बघा, श्रीपती." आणि तो हसला. "मी म्हणलं, ठिवा. प्वाट भरतंय न्हवं."

लालबी चहा देऊन आत गेली. गौस एकेक जागा सांगू लागला. अल्लाउद्दीन शाळकरी वहीत लिहून घेत होता. कुठं वळायचं, कुठं उतार आहे, कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ, सगळं गौसनं खरं सांगितलं.

"कवा निघनार?"

"चोवीस तारखंला."

गौसनं मनात चंद्र मोजला. तो हिशेब त्याच्या बोटांवर होता. अठ्ठावीसच्या रात्री अमावास्या लागत होती. तो दिवस पाचव्या मुक्कामाचा.

"पाचव्या मुक्कामाला देऊळ बिऊळ बघू नगा," तो म्हणाला. "खाडीच्या तोंडाला वाळूचा पट्टा हाय. सिमिटावानी घट्ट. मासळी न्हाय, वस्ती न्हाय. गोड्या पान्याची हीर पन्नास पावलांवर. आप्पासोला असली जागा सपनात गावायची न्हाय."

हे सगळं अक्षरन्अक्षर खरं होतं. गौस स्वतः तिथं दहा वेळा झोपला होता. फक्त एक वाक्य राहिलं होतं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला आधी मागची खाडी भरते, वाट बंद होते, आणि मग त्या पट्ट्यावर छातीएवढं पाणी चढतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर येऊन थांबलं. समोर अल्लाउद्दीन होता, पण गौसला दिसत होते उन्हात उभे राहून दुसऱ्यांदा तार वाचणारे आप्पासो.

"झालं?" अल्लाउद्दीननं विचारलं.

"झालं," गौस म्हणाला.

सत्तावीस तारखेला तो पोस्टात गेला. यादी कशी असते, कुठलं पोस्ट, हे त्याला माहीत होतं. तारेचा फॉर्म हातात घेऊन तो खिडकीशी रांगेत उभा राहिला. त्याच्यापुढं तीन माणसं होती. मग दोन. मग तो रांगेतून बाहेर पडला, लालबीनं सांगितलेली साखर घेतली आणि घरी आला.

चार दिवसांनी आकाराम मुनीम सांगत आला. मध्यरात्री पाणी चढलं. अल्लाउद्दीन सगळ्यांत आधी उठला. आक्काताईंना पाठीवर घेऊन तो विहिरीमागच्या टेकाडावर पोचवून आला, मग त्रिशलाबाईंना हाताला धरून नेलं. आप्पासो आपले आपण पोचले. वरून ते ओरडत होते, "गाडी काढ! गाडी काढ रं श्रीपती!" अल्लाउद्दीन परत पाण्यात उतरला. चाकाखाली फळी सरकवताना वाळू सुटली आणि बस कलंडली, त्याच्या पायावर. पाणी ओसरेपर्यंत, नाकापर्यंतच्या पाण्यात मान वर धरून तो तसाच राहिला. पहाटे कोळ्यांनी बांबू घालून त्याला काढलं आणि मासळीच्या ट्रकमधून दवाखान्यात नेलं. पाय मांडीतून कापावा लागला.

"मालक?" गौसनं विचारलं.

"मालकांना काय झालंय? सर्दी. गाडीचा इमा हुता. दिवाळीला मॅटाडोर घेनार म्हणत्यात."

कोल्हापूरच्या दवाखान्यात आणल्यावर गौस अल्लाउद्दीनला बघायला गेला. चादरीखाली एका बाजूला सपाट होतं. गौसला बघून तो उठून बसायला लागला.

"तुमच्या नावाला बट्टा लावला बघा मी," अल्लाउद्दीन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "जागा लाखात एक हुती गौसभाई. अगदी तुमी म्हणला तशी. अमावस मीच बघितली न्हाय. डायवर मानसानं बघाय नगो? मालक बी तेच म्हणाले, तुझीच चूक. बरं, म्हातारी तेवढी वाचली."

गौस स्टुलावर बसून राहिला. सांगायचं ठरवूनच तो आला होता. भेटीची वेळ संपली तशी नर्सनं त्याला उठवलं, आणि तो न सांगता बाहेर पडला.

रात्री लालबी भाकऱ्या थापत होती. नात कोपऱ्यात झोपली होती. लालबीनं वर न बघता विचारलं, "ती जागा तुमीच सांगितल्याली न्हवं?"

"व्हय."

"उधानाचं सांगितल्तं?"

गौसनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. लालबीनं भाकरी उलटली.

"आप्पासोला काय झालं?"

"काय न्हाय."

"मग काय उपेग," ती म्हणाली आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

अल्लाउद्दीनला पुढं गुळाच्या बाजारात वजनकाट्यावर गाड्यांचे नंबर लिहायचं काम मिळालं. ते गौसनंच खटपट करून मिळवून दिलं. इचलकरंजीहून त्याचं बिऱ्हाड हलवून आपल्याच गल्लीत आणलं. कुबड्या घेऊन त्याला मशिदीपर्यंत चालवत नसे, म्हणून दर शुक्रवारी गौस त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून न्यायचा आणि परत आणायचा. अकरा वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही, स्वतःला ताप असतानासुद्धा. गल्लीतली माणसं पोरांना दाखवायची, की बघा, नातं न गोतं, पण माणुसकी असावी तर अशी. अल्लाउद्दीन पाठीमागून त्याच्या कमरेला धरून बसायचा, वाटभर बोलायचा, आणि मशिदीच्या दारात उतरताना दर वेळी त्याला दुवा द्यायचा. गौस कुबड्या त्याच्या काखेत देऊन ती दुवा ऐकून घ्यायचा.